माळ उतरवू का?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून ४६ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात असं:

यजमान ५१ वर्षांचे. दोन्ही किडन्या निकामी. गेली सहा वर्षं सोमवार-बुधवार-शुक्रवार, ४० किलोमीटरवरच्या शहरात डायलिसिस. घर तीन पिढ्यांचं माळकरी. आजार कळला त्या वर्षी ताईंनी नवस बोलला, "हे मशीनवरून उठेपर्यंत मी एकवेळच जेवेन." तो आजही चालू आहे. मध्यंतरी गावातल्या शिबिरात त्यांचं स्वतःचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. सासूबाई म्हणतात, पांडुरंग परीक्षा बघतोय, धीर धर. नणंद म्हणते, तुझ्याच भक्तीत खोट आहे. तिने एका ठिकाणाहून मंतरलेला काळा दोरा आणून भावाच्या हाताला बांधलाय. मशीन सोडवणारं औषध देणाऱ्या एका महाराजांकडे जाऊ, असा तिचा लकडा आहे. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवा म्हणून सांगितलं होतं. "देवाच्या मनात येईल तेव्हा मार्ग निघेल" म्हणून ते तसंच राहिलं. बारावी झालेला मुलगा शिक्षण सोडून कामाला लागतो म्हणतोय. चार महिन्यांपासून ताईंच्या तोंडून हरिपाठ निघत नाही. त्या विचारतात, "धीर धरायचा तो किती? माझीच श्रद्धा कमी पडली का? आणि मनात काही उरलं नसताना गळ्यात माळ ठेवणं खोटेपणाचं नाही का? उतरवू का ती?"

ताई,

उत्तर लांबणार आहे, पण आधी एक बघून घ्या. तो काळा दोरा यजमानांच्या कुठल्या हाताला बांधलाय? फिस्टुला असलेल्या हाताला असेल तर आजच सोडा. गाठ सुटत नसेल तर कापा. फिस्टुला म्हणजे हातातली रोहिणी आणि नीला जोडून केलेली वाट. तिच्यातून रक्त जोरात वाहतं, म्हणून तर मशीनला मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त मिळतं. त्या हातावर दोरा, कडं, घड्याळाचा पट्टा, अगदी शर्टाची घट्ट बाही, असं काहीही आवळून बसलं की प्रवाह मंदावतो आणि आत गुठळी होऊन वाट कायमची बंद पडू शकते. हाताला सूज आली की सैल बांधलेला दोराही रुततो. त्या हातावर कुणाला रक्तदाब मोजू द्यायचा नाही, तपासणीचं रक्त काढू द्यायचं नाही. तो उशाला घेऊन झोपायचं नाही, त्याने पाण्याची बादली उचलायची नाही. रोज सकाळी जोडाच्या जागी बोटं टेकवली की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. नाही लागली तर डायलिसिसच्या पुढच्या पाळीची वाट न बघता त्याच दिवशी सेंटरला फोन करून निघायचं. दोरा देव्हाऱ्यात ठेवा. वन्संचा मानही राहील आणि त्यांच्या भावाचा हातही.

आता तुमचे प्रश्न.

श्रद्धा कमी पडली का, असं तुम्ही विचारलंत. या प्रश्नाच्या पोटात एक समजूत लपलेली आहे: भक्तीचं माप भरलं की आजार जातो, आणि आजार गेला नाही म्हणजे माप भरलेलं नाही. ही समजूत तुमच्या गळ्यातल्या माळेबरोबर आलेली नाही. तुकोबांच्या घरी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात थोरली बायको आणि मुलगा अन्नावाचून गेले, दुकान बुडालं, दिवाळं निघालं. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर कोसळून गेले. परंपरेने ते साल १३३८ सांगतात. या दोघांची भक्ती कमी पडली, असं म्हणायची हिंमत एकाही कीर्तनकाराला होणार नाही. मग तो नियम तुमच्याच घराला का लावायचा? किडनी निकामी होण्याची आपल्याकडची सगळ्यात मोठी कारणं मधुमेह आणि वर्षानुवर्षं अंगात मुरलेला रक्तदाब ही आहेत. तुमच्या हरिपाठात एखादी ओळ चुकली म्हणून कुणाची किडनी जात नाही.

"परीक्षा" हा शब्द सासूबाई प्रेमाने वापरत असणार, त्याबद्दल त्यांना बोल लावू नका. पण तो शब्द तुमच्यासाठी घातक ठरला आहे. परीक्षा म्हटलं की शेवटचा पेपर येतो, निकाल लागतो. तुम्ही सहा वर्षं त्या निकालाची वाट बघत बसलात. या अवस्थेला पोचलेली किडनी सहसा पुन्हा चालू होत नाही. प्रत्यारोपण झालं तरी जन्मभर गोळ्या आणि तपासण्या असतात. म्हणजे "हे संपेपर्यंत धीर धरते" यातलं संपणं ज्या रूपात तुम्ही मनाशी धरलंय, त्या रूपात ते कदाचित येणारच नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा? यजमान बरे होतील याची देवाने हमी दिलेली नाही. विश्वास ठेवायचा तो एवढाच की हा सोमवार, पुढचा बुधवार, त्यानंतरचा शुक्रवार, यातल्या कुठल्याच दिवशी तुम्हाला एकटीला टाकलेलं नाही. हे ऐकायला थोडकं वाटेल. पण थोडकं आहे म्हणूनच ते रोज पेलवतं.

आणि कुणी "प्रारब्ध" म्हणालं तर मनात घेऊ नका. प्रारब्धाचा विचार माणसाने आपापल्यापुरता करायचा असतो. दुसऱ्याच्या दुःखावर ते लेबल चिकटवायचा अधिकार कुणालाच नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य खोडून परत लिहिलेलं दिसतं: "कधीकधी त्याच्यावर इतका राग येतो की मूर्तीकडे बघवत नाही." ते खोडायची गरज नव्हती. देवावर रागावणं म्हणजे श्रद्धा संपणं, ही दुसरी समजूत. वारकऱ्यांच्या घरात ती आली कुठून, हेच नवल आहे. नामदेवांनी विठ्ठलाला तोंडावर सुनावलंय की पतितपावन म्हणून ऐकून दारात आलो, तू तसा नाहीस म्हणून परत निघालो. जनाबाईंनी तर एकेरीत उतरून त्याला शिव्या घातल्या आहेत. माझ्यालेखी देव मेला, असं तुकोबा एका अभंगात सरळ म्हणतात. हे अभंग कुणी लपवून ठेवले नाहीत. गाथेत आहेत, टाळ-मृदंगावर गायले जातात. ज्याच्याशी नातं तुटलं त्याच्याशी कुणी एवढं भांडत नाही. गप्प बसणं मात्र धोक्याचं. तुम्ही चार महिने गप्प आहात.

तेव्हा हरिपाठ पुन्हा सुरू करा, असं मी म्हणणार नाही. आधी भांडण सुरू करा. कसं, तेही सांगतो, कारण "मन मोकळं करा" हा सल्ला हवेतला असतो. रात्री सगळे झोपल्यावर जुन्या वहीचं एक पान घ्या. वर त्याचं नाव लिहा, तुम्ही एरवी हाक मारता तेच. खाली आज काय झालं ते लिहा, एकच घटना, खरीखुरी: मशीनवर यजमानांना गोळे आले, किंवा एसटी चुकली, किंवा वन्सं काय बोलल्या. मग त्याला काय विचारायचंय ते विचारा. मग काय हवंय ते मागा, तेही नेमकं; "सगळं नीट कर" असं नको, "उद्या रक्तदाब खाली जाऊ देऊ नको" असं. तिथे थांबा. शेवटी "तरी तुझी इच्छा" वगैरे जोडायची सक्ती नाही. आपसूक आलं तर येऊ द्या. दहा मिनिटांच्या वर बसू नका, त्यापुढे माणूस तेच तेच उगाळत बसतं. लिहायचा कंटाळा आला तर भांडी घासताना पुटपुटा. जनाबाईंनीही दळता-कांडतानाच केलं ते.

हरिपाठाचं म्हणाल तर त्याचा पहिलाच अभंग देवाच्या दारात क्षणभर उभं राहायला सांगतो. क्षणभर! अर्धा-पाऊण तास बसून सगळे अभंग झाले नाहीत म्हणजे नेम मोडला, हे कुणी ठरवलं? सध्या दिव्याजवळ उभं राहून एक अभंग, किंवा नुसता हात जोडून एक श्वास. तोंडून शब्द येत नसतील तर मोबाईलवर लावा आणि ऐका. घरात दुसरं कुणी म्हणत असेल तर शेजारी बसून भाजी निवडा. कीर्तनात मागे साथीला उभे असलेले झिलकरी चाल धरून ठेवतात तेवढ्यात बुवा दम खातात. तसंच आहे हे.

आणि एक हिशेब मांडतो. कौतुकासाठी नाही, हिशेब म्हणून वाचा. जाऊन-येऊन ८० किलोमीटर, आठवड्यातून तीनदा, म्हणजे २४० किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. वर्षाला १५६ पाळ्या, सहा वर्षांत ९३६. दर पाळीला चार तास. त्या प्रत्येक पाळीला दोन जाड सुया यजमानांच्या हातात गेल्या आहेत. या काळात तुमच्या घरात भक्ती थांबली होती, असं जो म्हणतो त्याला भक्ती फक्त देव्हाऱ्यापुढे बसलेली दिसते.

आता नवस. तो सोडा.

घाबरू नका, कारण सांगतो. आजार संपेपर्यंतचा नवस हा थोड्या दिवसांच्या आजारासाठी ठीक असतो. टायफॉईड महिन्याभरात उतरतो. हा आजार शेवट नसलेला आहे, म्हणून नवसालाही शेवट राहिलेला नाही. स्त्रीचं हिमोग्लोबिन निदान १२ असावं, ८ च्या खाली ते गंभीर मानतात. तुम्ही ८.४ वर आहात. जिना चढताना धाप लागणं, छातीत धडधडणं, चिडचिड, डोकं रिकामं होणं, पाठ असलेले शब्दही न आठवणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे चार महिन्यांपासून तोंडून अभंग निघत नाही, त्यातला किती भाग श्रद्धेचा आणि किती रक्ताचा, हे आज तुम्हीही सांगू शकणार नाही. आधी रक्त भरून काढा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ते कशामुळे उतरलं हेही तपासून घ्या; मासिक पाळीत रक्त जास्त जातं का, जंत आहेत का. लोहाच्या गोळ्या मिळतील. त्या चहा-दुधाबरोबर घेऊ नका, आधी-नंतर निदान तासभर जाऊ द्या. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चांगल्या लागू पडतात. शौचाला काळी होईल, त्याला घाबरून गोळी बंद करू नका. हिमोग्लोबिन जागेवर आलं तरी साठा भरायला पुढे तीनेक महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात.

नवस मोडला म्हणून मनाला लागणार असेल तर रीतसर सोडा. ज्यांच्याकडून माळ घेतली त्या फडावरच्या महाराजांना, नाहीतर गावातल्या वडीलधाऱ्या वारकऱ्याला भेटा आणि अंगात रक्त किती आहे ते आकड्यानिशी सांगा. जेवणाच्या बदल्यात दुसरं काहीतरी ठरवून घ्या, ज्याला शेवट आहे असं: एखाद्या एकादशीला चार जणांचा फराळ, किंवा दिंडीला पाच किलो साखर. सासूबाईंना बरोबर घेऊन जा. महाराजांच्या तोंडून "बाई, दोन वेळ जेव" हे त्यांनी ऐकलं की घरात वादच उरत नाही.

एकादशीचा विषय तुमच्या पत्रात नाही, पण माळकरी घर आहे म्हणून विचारतो: यजमान उपवास करतात का? करत असतील तर हे नीट वाचा, आणि तुमच्यासारख्या इतर घरांनाही वाचून दाखवा. उपवासाच्या ताटातले बरेच पदार्थ डायलिसिसवरच्या माणसाला साध्या जेवणापेक्षा जड जातात. बटाटा, रताळं, केळं, खजूर, शेंगदाणे, राजगिरा, शहाळ्याचं पाणी, सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. एका केळ्यात चारशेच्या आसपास मिलिग्रॅम, शहाळ्याच्या मोठ्या पेल्यात पाचशे-सहाशे. आणि अशा रुग्णाला दिवसाला साधारण दोन ते अडीच हजारांच्या आत राहायला सांगतात. किडनी चालू असती तर जादाचं पोटॅशियम लघवीवाटे गेलं असतं. आता ते पुढच्या पाळीपर्यंत रक्तातच साठतं, आणि फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. पायातलं बळ गेल्यासारखं होणं, मुंग्या येणं, ठोके मंदावणं ही लक्षणं. पण कित्येकदा काहीच लक्षण दिसत नाही. त्यात तुमच्या पाळ्या सोमवार-बुधवार-शुक्रवार. शुक्रवार ते सोमवार हा आठवड्यातला सगळ्यात लांब खंड, आणि शनिवार-रविवारी आलेली एकादशी सगळ्यात धोक्याची. शिवाय डायलिसिसमध्ये प्रथिनं झिजतात, रोज किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम लागतात. माळेमुळे अंडं नाही, म्हणजे भर काढायला डाळ, पनीर, दही एवढंच उरतं. तेही मोजून, कारण त्यात फॉस्फरस आहे. सेंटरच्या आहारतज्ज्ञाला "आम्ही माळकरी आहोत" हे सांगून तक्ता लिहून घ्या, नाहीतर ते अंड्याचा पांढरा भाग लिहून मोकळे होतात आणि तो कागद तुमच्या घरात कपाटात पडतो.

आजाऱ्याला उपवास माफ असतो, हे घरातल्या मोठ्यांनाही माहीत असतं. तरी मन राहत नसेल तर वरीचा भात आणि उकळून पाणी काढलेली दुधीची भाजी असं काहीतरी आहारतज्ज्ञाला विचारून ठरवा. बटाटा घालायचाच तर पातळ चिरून कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजवा, ते पाणी फेका, भरपूर नव्या पाण्यात उकडा, तेही फेका. पोटॅशियम कमी होतं, नाहीसं होत नाही. शेंदेलोण हे औषधी मीठ नव्हे. तहान तेही तेवढीच लावतं. आणि दुकानात "लो सोडियम" म्हणून मिळतं ते मीठ घरात आणूच नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. तीर्थाच्या पळीभर पाण्यावरून मात्र घरात भांडण नको. दिवसाला जे पाऊण-एक लिटर पाणी चालतं, त्यात पळीभराने काही फरक पडत नाही. वजन वाढतं ते खारट खाऊन लागलेल्या तहानेमुळे.

महाराजांच्या औषधाबद्दल थोडक्यात. दुवा देतो, विभूती देतो म्हणणाऱ्याकडे जायला हरकत नाही. मशीन सोडा म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. लघवी बंद झालेल्या माणसाचं डायलिसिस थांबलं तर बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत जीव जातो. काढे, भस्मं, पुड्या, ज्यांच्यात काय आहे ते देणाराही सांगत नाही, त्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ नयेत. वन्संना हे तुम्ही सांगून पटणार नाही. त्यांना एका बुधवारी सेंटरवर घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू द्या.

खरं तर वन्संना तेवढ्यावर सोडू नका. भावाबद्दल जीव तुटतोय म्हणूनच त्यांचं बोलणं तुम्हाला टोचतं. त्या जिवाला काम द्या. "वन्सं, महिन्यातला पहिला शुक्रवार तुम्ही न्याल का यांना?" एवढंच विचारा, चारचौघांत विचारा. भजनी मंडळातल्या दोघांनाही विचारा. प्रत्येकाला महिन्यातली एकच पाळी. बरोबर जाणाऱ्याला एका कागदावर चार गोष्टी लिहून द्या: ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढून झाल्यावरचं वजन) किती, फिस्टुला कुठल्या हाताला, फाईल कुठल्या पिशवीत, आणि मशीनवरून उठल्यावर पंधरा मिनिटं बसवून, रक्तदाब बघूनच चालवायचं. पहिल्या दोन-तीन वेळा काहीतरी चुकेल, कुणी फाईल विसरेल, कुणी ऐनवेळी नाही म्हणेल. लगेच "मीच जाते" म्हणू नका.

पैशाचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मीही लांबवत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. सेंटर त्या योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. जिल्हा रुग्णालयांत २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तो मोफत आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा. एसटीत तुमचं अर्धं तिकीट आहेच. डायलिसिसच्या रुग्णाच्या सवलतीचं आगारात विचारा आणि त्यासाठी सेंटरचं प्रमाणपत्र घ्या.

प्रत्यारोपणाच्या बाबतीत मात्र मी तुमच्या घरावर जरा रागावणार आहे. देवाच्या मनात येईल तेव्हा मार्ग निघेल, हे खरं मानलं तरी त्याने दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या तोंडून एक मार्ग सांगितला होता. तुम्ही तो ऐकला नाहीत. पेरणी न करता पावसाची वाट बघणाऱ्याला आपण धीराचा म्हणत नाही. यादीत नाव नसेल तर रांगेत जागाच नाही, मग वाट कसली बघायची? ज्या रुग्णालयाला प्रत्यारोपणाची परवानगी आहे तिथल्या समन्वयकाला भेटा. तपासण्या झाल्या की रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नाव जातं. तुम्हाला पुण्याचं केंद्र लागू आहे. नाव गेलं की फोन बदलला तर कळवणं, ठरलेल्या तपासण्या वेळेवर करणं, हे चालू ठेवावं लागतं, नाहीतर नाव तात्पुरतं बाजूला पडतं. घरातलं कुणी देणार असेल तर कायद्याने आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं ही जवळची नाती. रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या तशाच जोडीशी अदलाबदल करता येते. पैसे देऊन किडनी घेणं हा गुन्हा आहे, कुणी मध्यस्थ भेटला तर त्याच्याशी बोलूही नका. आणि तुमच्या मनात "मीच देते" असेल, तर ८.४ वर तुम्हाला कुणी टेबलावर घेणार नाही. द्यावीशी वाटत नसेल, तर तेही चालेल. ते प्रेमाचं माप नाही.

मुलाने शिकणं सोडू नये. महिन्याकाठी तो जे आणेल त्यापेक्षा दोन योजनांचे कागद त्याने पुरे केले तर जास्त वाचेल. ते काम त्याच्याकडे द्या.

तुमच्याबद्दल अजून एक विचारतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप तुटते का, कशातच चव नाही असं झालंय का, लेकराच्या बोलण्यानेही हसू येत नाही का, "मी नसते तर बरं" असं मनात येतं का? यातलं काही असेल तर ते अभंगाने भरून निघायचं दुखणं नव्हे. टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. शेवटचा विचार मनात येत असेल तर हे पत्र खाली ठेवून आधी तो फोन लावा.

राहिली माळ. तुम्ही तिला खोटेपणा म्हणता, कारण आत काही वाटत नाही. पण माळ घालताना "मला रोज भक्ती वाटेल" असं वचन कुणी घेत नाही. सांगतात ते आचाराचं. खाण्यापिण्याचं, एकादशीचं, वारीचं. आज तुम्हाला काही वाटत नसताना ती गळ्यात असणं, हे मला खोटं वाटत नाही. उलट उतरवली तरी आकाश कोसळणार नाही. ती देव्हाऱ्यात किंवा तुळशीपाशी ठेवता येते, पुन्हा घालता येते, आणि तुमच्या उतरवण्याचा यजमानांच्या रक्ताच्या रिपोर्टशी काही संबंध लागणार नाही. दोन्ही वाटा उघड्या आहेत. माझं मत विचाराल तर ८.४ हिमोग्लोबिनवर आणि सहा वर्षांच्या उपाशीपणावर हा निर्णय घेऊ नका. दोन वेळ जेवा, गोळ्या घ्या, महिन्यातल्या तीन-चार पाळ्या दुसऱ्यांकडे जाऊ द्या. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा आणि तेव्हा ठरवा. त्या काळात घरात कुणी विचारलंच तर "माझं आणि त्याचं भांडण चालू आहे" एवढं सांगा. माळकऱ्यांच्या घरात हे समजायला हवं.

पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. सासूबाई काय म्हणतात ते त्यात आहे, वन्सं काय म्हणतात ते आहे, मुलगा, डॉक्टर, सगळे आहेत. ज्यांच्या हातात सुया जातात ते काय म्हणतात, ते कुठेच नाही. त्यांनाही राग येत असेल का? त्यांची माळ गळ्यातच आहे, की फक्त तुमच्यासाठी आहे? तुमचा नवस त्यांना हवा आहे, की तुम्ही उपाशी राहता हे रोज त्यांच्या घशाखाली उतरत नाही? घरात विचारू नका, तिथे सगळ्यांचे कान असतात. बुधवारी एसटीत विचारा. परतताना नको, तेव्हा ते गळून गेलेले असतात. सकाळी जाताना, खिडकीशी त्यांना बसवून.